पातळ टोकाची काठी

मिनियापोलिस,
नोव्हेंबर

निखिल,

तू पाठवलेला गळाच्या काठीचा फोटो पाहिला, खालची किंमतही पाहिली. एकशे चाळीस डॉलर! निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी घेऊ नकोस. परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, मग कुठली घेऊ?" मी सांगायला घेतलं आणि तुझी मीटिंग सुरू झाली. हा विषय दोन मिनिटांत उरकणारा नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी मासा ठरवू. मॅडिसनच्या तळ्यांत बर्फाखाली तुला मिळणार ते मुख्यतः ब्लूगिल, क्रॉपी आणि यलो पर्च. या सगळ्यांना मिळून इथे पॅनफिश म्हणतात, कारण अख्खा मासा तव्यात मावतो. आठ इंची ब्लूगिल म्हणजे चांगला मासा, आणि त्याचं वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. एवढ्याला वर काढायला काठीत ताकद कशाला हवी? इथले जुने लोक लाकडाची वीतभर दांडी घ्यायचे, तिला दोन खुंट्या ठोकायचे, त्यांच्याभोवती दोरा गुंडाळायचे. मासा लागला की दांडी बाजूला टाकून दोन्ही हातांनी दोरा ओढायचा, झालं.

तेव्हा मासा ओढणं हे या काठीचं काम नाही, मासा आलाय हे तुला कळवणं हे तिचं काम. पैसे त्याचेच द्यायचे. त्या एकशे चाळीसमध्ये ब्रँडचे किती, कॉर्कच्या सुबक मुठीचे किती आणि टोकाचे किती, हे दुकानदार सांगणार नाही.

आपले आजोबा देवबागला कर्लीच्या खाडीत होडीत बसून गरवायचे ते तू पाहिलेलं नाहीस. काठीबिठी काही नाही, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तर्जनीवर घेतलेला आणि नजर भलतीकडे. खाली गरीला नुसतं तोंड लागलं तरी बोटाला कळायचं. इथे उणे पंधरात बोट उघडं ठेवलंस तर थोड्याच वेळात त्याला काहीच कळेनासं होईल. म्हणून बोटाचं काम काठीच्या शेवटच्या तीन इंचांकडे सोपवायचं.

आता खाली काय चालतं ते समजून घे, म्हणजे काठी आपोआप निवडता येईल. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं. मासा थंड रक्ताचा. या पाण्यात त्याची भूकही मंदावते, हालचालही. ब्लूगिल जिगसमोर, म्हणजे वजनाच्या इवल्या गळासमोर, येऊन थांबतो. बघत राहतो. मग तोंड पटकन उघडून पाण्यासकट जिग आत ओढून घेतो, आणि पसंत पडलं नाही तर तसंच बाहेर फुंकून टाकतो. हे सगळं सेकंदभरात. उन्हाळ्यात हाताला बसतो तसला हिसका इथे विसर.

क्रॉपीची तर तऱ्हाच वेगळी. तो खालून वर येऊन खातो आणि घास घेऊन बऱ्याचदा वरच जातो. त्यामुळे काठीला खाली ओढ बसतच नाही, उलट टांगलेल्या जिगचं वजन नाहीसं होतं. तंगूस सैल पडतो, वाकलेलं टोक अलगद सरळ होतं. ते सरळ होताना दिसलं की मनगट हलकेच उचलायचं. जाड टोकाच्या काठीला जिगचं वजन मुळात जाणवलेलंच नसतं, मग ते गेलेलं कुठून कळणार? शिवाय क्रॉपीच्या ओठांची कातडी कागदासारखी पातळ. ताठ काठीने हिसका दिलास की गळ ओठ फाडून मोकळा.

म्हणून दुकानात जाताना खिशात एक ४ मिलिमीटरचं टंगस्टनचं जिग हातभर तंगूसाला बांधून ने. त्याचं वजन एक ग्रॅमच्याही आत. काठी आडवी धर, तंगूस टोकाच्या कडीतून ओवून जिग खाली सोड. वरचे दोन-तीन इंच किंचित झुकले पाहिजेत. झुकले नाहीत तर ती काठी जागेवर ठेव, किंमत दहा डॉलर असो की दोनशे. मग टोक बोटाने आणखी दाबून बघ. वरचा तिसरा हिस्सा लवला आणि खालचा भाग उभा राहिला, तर उत्तम, कारण गळ रुतवायला मागे थोडी तरी ताठरता हवी. पार मुठीपर्यंत लवणाऱ्या, शेवयांसारख्या काठ्याही मिळतात. त्यांचे भक्त पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही.

काठीवर 'अल्ट्रालाइट' असं छापलेलं असेल. त्यावर जाऊ नकोस. याचं कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीची अल्ट्रालाइट ही दुसरीची लाइट असते. तुझं जिग खरं सांगेल.

ग्राफाइट की फायबरग्लास, असंही तू विचारलं होतंस. ग्राफाइट हलकं, कंप हातापर्यंत छान पोचवतं, पण कडेला आपटलं की चीर पडते आणि पुढच्या खेपेला मोडतं. भरीव फायबरग्लास जड आणि जरा मठ्ठ, पण लवचीक आणि सोशीक. पॅनफिशचा घास हाताला कळण्याआधी डोळ्यांना दिसतो, त्यामुळे मठ्ठपणाची फारशी अडचण होत नाही. बर्फावरच्या काठ्या माशांपेक्षा गाडीच्या दारात आणि बादलीत जास्त मोडतात, म्हणून नवशिक्याने फायबरग्लास घ्यावं असं माझं स्पष्ट मत. शेक्सपिअर कंपनीची अग्ली स्टिक १९७६ पासून चालत आली आहे ती याच सोशीकपणावर. तिच्या बर्फावरच्या काठ्या स्वस्त आहेत. टोक मात्र मला हवं त्याहून थोडं जाड वाटतं.

त्यालाही उपाय आहे, आणि सगळ्या खरेदीत पैसा वसूल करणारी वस्तू हीच. स्प्रिंग बॉबर. टोकावर बसवायची तारेची किंवा धातूच्या पातळ पट्टीची दोन-तीन इंची स्प्रिंग, दोन-चार डॉलरांची. जिगच्या वजनाने ती धनुष्यासारखी न वाकता नुसती झुकलेली राहील इतपत मऊ घे. मासा घास घेऊन वर गेला तर स्प्रिंग उठते, खाली ओढलं तर दबते, नुसतं तोंड लावलं तरी थरथरते. वीस डॉलरच्या काठीला ही लाव आणि महागड्या काठीशेजारी बसून बघ. खोट एवढीच की उघड्यावर तिच्यावर बर्फ जमतो. टोक क्षणभर भोकातल्या पाण्यात बुडवलं की सुटतो.

लांबी तुझ्या बैठकीवर ठरते. इथे गळ लांब फेकायचा नसतो, पायाजवळच्या भोकात सोडायचा असतो. तंबूत बसणार असशील तर २४ ते २८ इंच पुरे. उघड्यावर उभा राहून या भोकावरून त्या भोकावर फिरणार असशील तर ३० ते ३६. फिरणं चांगलं. मिनेसोटाचे डेव्ह गेन्झ यांनी १९८० च्या दशकात घसरगाडीवरचा घडीचा तंबू रूढ केला आणि एका भोकापाशी दिवसभर बसून राहण्याची इथली रीत मोडली. मासा येत नसेल तर आपण जायचं, हा त्यांचा धडा. पण तुझ्याकडे सध्या बसायला बादलीच आहे. २८ इंची घे.

कड्या नीट तपास. त्या एका ओळीत आहेत ना, आणि टोकाची कडी अगदी बारीक नाही ना. बारीक कडीत बर्फ धरतो आणि तंगूस अडकतो. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढून बघ. धागे अडकले तर आत टवका आहे, आणि तोच टवका तुझा २ पौंडी तंगूस कापणार. दुकानदार हसला तर हसू दे. मुठीत रीळ बसवायची धातूची जागा नसलेली, सरळ कॉर्कची मूठ मिळाली तर तीच घे. रीळ काळ्या इलेक्ट्रिकल टेपने बांधायचं, हवं तिथे. दिसायला गावठी, पण गार धातू बोटांना लागत नाही.

रिळाबद्दल थोडक्यात. साध्या स्पिनिंग रिळाने तंगूसाला पीळ बसतो आणि खाली जिग हळूहळू गिरक्या घेत राहतं. ब्लूगिल ते बघून तोंड फिरवतो. इनलाइन रीळ पतंगाच्या फिरकीसारखं सरळ उलगडतं, पीळ बसत नाही, आणि प्लॅस्टिकचं वीस-पंचवीस डॉलरांत मिळतं. तेही आत्ता नको असेल, तर जिगच्या हातभर वर एक बारीकशी स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, बांध. कुठलंही रीळ घेतलंस तरी आतलं जादा ग्रीज पुसून काढ. थंडीत ते घट्ट होऊन रीळ फिरेनासं होतं.

तंगूस २ किंवा ३ पौंडी. जिग शिशाचं नको, टंगस्टनचं. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं जिग बरंच लहान राहतं, आणि लहान घासच ब्लूगिल तोंडात घेतो. ही जिगं महाग वाटतील. तिथे काटकसर करू नकोस. आमिष म्हणून वॅक्सवर्म लाव. ताईला फोनवर ते कुठे ठेवले आहेत हे सांगू नकोस. फ्रिजमध्ये अळ्या म्हटल्यावर ती पुढचं विमान पकडून येईल.

सुरुवात मोनोना तळ्याच्या उपसागरापासून कर. उथळ पाणी, पाणवेली, ब्लूगिल. मेंडोटा तळ्यावर लोक पर्चसाठी साठ फूट पाण्यातही गळ सोडतात. तिथे ही मऊ काठी चालणार नाही: एवढ्या खोलीवर तंगूस ताणला जातो, जिग जड लागतं, काठी जरा ताठ लागते, आणि मासे दाखवणारं यंत्रही हवंसं वाटतं. एकाच काठीत दोन्ही जमवायला गेलास तर एकही धड होणार नाही. मेंडोटा पुढच्या वर्षी. दुसरी काठी फेब्रुवारीअखेरीस घे, तेव्हा दुकानं हा माल मिळेल त्या भावात काढून टाकतात.

हिशोब असा: काठी वीस ते तीस, स्प्रिंग दोन-चार, तंगूस आणि जिगं मिळून वीसेक, आणि जमलं तर इनलाइन रीळ. उरलेल्या पैशांत बर्फ टोचून बघायची लोखंडी पहार आणि गळ्यात अडकवायचे दोन टोचे घे. हे ऐच्छिक नाही. बर्फातून खाली गेलास तर त्या टोच्यांनीच वर येता येतं.

विस्कॉन्सिनचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो. एका माणसाला तीन गळ चालतात, पॅनफिश सर्वसाधारणपणे दिवसाला मिळून २५, पण काही तळ्यांवर मर्यादा कमी आहे, तेव्हा त्या तळ्याचा नियम आधी वाच. २५ कधी आणू मात्र नकोस. दोघांना आठ-दहा पुष्कळ होतात, आणि रवा लावून तळले की तुझी बायकोही सुरमईची आठवण काढणार नाही.

चालायला निदान चार इंच निखळ, नवा बर्फ हवा. पांढरा, दुधट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. दर काही पावलांवर पहार मारून बघायचं, दुसऱ्याच्या पावलांच्या ठशांवर विसंबायचं नाही. नाताळच्या सुट्टीत मी मॅडिसनला येतोच आहे. तोवर काठी घे, जिग बांधायचा सराव कर, पण बर्फावर एकटा जाऊ नकोस.

तुझा,
मामा