गुडघ्याचे सहा आठवडे

पावसात स्टेशनबाहेर रांगेत उभ्या रिक्षांखालची जमीन तेवढी कोरडी असते, म्हणून पिल्लं तिथे झोपतात. रिक्षा निघते आणि चाक मागच्या पायावरून जातं. बदलापूर पश्चिमेला असंच एक सापडलं, पाचेक महिन्यांचं, तांबूस. पाय लोंबत होता, पण रक्ताचा थेंब नाही. जमलेले म्हणाले, मुरगळलाय, होईल बरा. एक्स-रेत मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक सुटून मागे सरकलेलं.

*

या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची ग्रोथ प्लेट असते. भोवतालच्या लिगामेंटपेक्षा ती कमकुवत. त्यामुळे ज्या माराने मोठ्या कुत्र्याचं लिगामेंट तुटतं, त्याच माराने पिल्लाची ही प्लेट सुटते. अशा फ्रॅक्चरचे प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी 1963 साली लहान मुलांसाठी ठरवले, तेच पशुवैद्यही वापरतात. ऑपरेशन करून टोक जागेवर बसवतात आणि दोन गुळगुळीत पिना तिरप्या घालतात, म्हणजे उरलेली वाढ शक्यतो अडत नाही. या वयात हाड जुळतंही लवकर.

*

खरी भीती हाडाची नाही, स्नायूची. मांडीचा पुढचा स्नायू जुळणाऱ्या हाडाला चिकटतो, आखडतो, आणि गुडघा वाकेनासा होतो. पाय काठीसारखा ताठ. एकदा पक्का आखडला की दुसऱ्या ऑपरेशननेही सुटेलच असं नाही, काही वेळा पाय काढावा लागतो. कामट्या लावून पाय ताठ बांधणारे लोक अजून आहेत. मांडीच्या हाडाला याहून वाईट काही नाही.

*

म्हणून ऑपरेशननंतर गुडघा हलता ठेवायचा. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर व्यायामाला सुरुवात. पिल्लाला चांगल्या पायाच्या कुशीवर निजवायचं. एक तळहात मांडीखाली, दुसऱ्याने पाय घोट्याच्या वर धरायचा. गुडघा अगदी सावकाश दुमडायचा. कान मागे गेले, जीभ ओठांवरून फिरली, मान हाताकडे वळली, की तिथेच थांबायचं. रेटायचं नाही. क्षणभर धरून ठेवायचं, मग तितक्याच सावकाश सरळ करायचा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. निरोगी कुत्र्याचा गुडघा 40-45 अंशांपर्यंत दुमडतो. आज कालच्यापेक्षा थोडा जास्त दुमडला, एवढं पुरे.

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं. सूज उतरल्यावर व्यायामाआधी कोमट शेक.

*

एकीकडे पाय हलवायचा, दुसरीकडे पिल्लाला पळू द्यायचं नाही. हे लोकांना पटवणं सगळ्यात कठीण. चौथ्या-पाचव्या दिवशी ते नाचायला लागतं आणि घरातले म्हणतात, सोडा आता. सोडायचं नाही. पिना सरकतात. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, पिंजरा किंवा लहान खोली. जिना नाही, सोफा नाही. शी-शूसाठी पट्टा लावून पाच मिनिटं.

*

नव्या टॉवरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात. जुनी योगा मॅट किंवा सतरंजी अंथरावी. चालवताना आधाराला पोटाखालून झोळी लागते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवतात, तिथल्या कापडाची रुंद पट्टी टॉवेलपेक्षा टिकते.

*

घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. कॅल्शियमही मनाने नको, पिल्लाचं खाणं चांगलं असेल तर जास्तीचं कॅल्शियम अपायच करतं. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा-चौदा दिवस, चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन काढायचा नाही आणि जखम भिजू द्यायची नाही. पुढे पोहण्याचा व्यायाम उत्तम, पण वालधुनी नदीच्या घाण पाण्यात कधीही नाही.

*

ऑपरेशनसाठी मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 सालचं. बदलापूरहून तिथवर साधारण साठ किलोमीटर, तेही पाय न हलवता न्यायचं. तरी लोक नेतात. ऑपरेशनचे पैसेही जमतात, सोसायटीच्या ग्रुपवर एका संध्याकाळी जमलेले पाहिलेत. अडतं ते नंतर. रस्त्यावरच्या पिल्लाला सहा आठवडे ठेवायचं कुठे? टाक्यांसकट पुन्हा रिक्षांखाली सोडलेली पिल्लं मी पाहिली आहेत. ती ताठ पायाने फिरतात.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापुरात ज्यांच्याकडे तळमजल्याची एखादी कोरडी खोली किंवा बंद गॅलरी रिकामी आहे, त्यांनी जवळच्या पशुवैद्याकडे आपलं नाव आणि नंबर आजच देऊन ठेवावा.