न लिहिलेला महिना

महिनाअखेरीस स्वतंत्र लेखक लिहिलेली पानं मोजतो आणि वाचनात गेलेला महिना वाया धरतो. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. कवी अरुण कोलटकरांचंच पाहा: त्यांचा पहिला मराठी कवितासंग्रह 1977चा, ‘भिजकी वही’ हा संग्रह 2003चा. दोन्ही पुस्तकं अशोक शहाणेंच्या छोट्या ‘प्रास’ प्रकाशनाची. मधल्या काळाला रिकामा कसं म्हणायचं? ‘भिजकी वही’तल्या हिपेशिया, कॅसान्ड्रा, इसिस या इतिहास-पुराणांतल्या स्त्रिया अफाट वाचनाशिवाय मराठीत आल्याच नसत्या. कोणी म्हणेल, कोलटकरांना जाहिरातक्षेत्राचा आधार होता; आज गप्प राहिलेला लेखक विसरला जातो. पोटाचा प्रश्न खराच, पण तो घाईनं काढलेल्या पुस्तकानंही सहसा सुटत नाही. उलट वाचकाचा विश्वास तेवढा जातो. म्हणून लेखकमित्रांनो, या महिन्याच्या हिशेबात वाचलेली पानंही धरा.