झेरॉक्सचा वास

आई नोव्हेंबरात दिल्लीला आली, तेव्हा मी तिच्या गळ्यात एक यंत्र घातलं. काडेपेटीहून थोडं मोठं, पांढरं, दोरीला अडकवलेलं. इथली हवा तुला सोसायची नाही, पण मी सोय केली आहे, असं फोनवरच सांगून ठेवलं होतं. मंगळसूत्राशेजारी ते मिरवत ती सोसायटीत फिरली. ‘बेटी ने दिया है’ एवढं हिंदी त्यासाठी पाठ केलं.

दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “याला झेरॉक्सचा वास येतो गं.”

पंचायत समितीत तिनं अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. झेरॉक्सचं मशीन तिच्या टेबलामागेच. मी यंत्र नाकाशी धरलं. विजा कडाडल्यावर येतो तसला, किंचित तिखट, स्वच्छ वाटणारा वास. “ताजी हवा आहे ती,” मी म्हटलं. तिला दम्याची खोड. खोकला वाढला तेव्हा मी खिडक्या आणखी घट्ट लावल्या आणि यंत्र रात्रीही काढू नकोस म्हणून बजावलं. तिनं काढलं नाही. लेकीनं दिलेलं ना.

वास तिनं बरोबर ओळखला होता. जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये आणि या लॉकेटमध्ये एकच गोष्ट घडते: बारीक तारेवर किंवा टोकावर मोठा विद्युतदाब, त्यानं फुटणारा हवेतला ऑक्सिजन, आणि त्यातून ओझोन. 1840 च्या सुमारास बाझेलमध्ये शोनबाइननं या वायूचं नाव ठेवलं तेच मुळी ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. आमच्या यंत्रात पंखा नव्हता, गाळणीही नव्हती. ते धूलिकणांना विद्युतभार देतं, मग ते कण भिंतीला, कपड्यांना, गळ्याला चिकटतात. हवा शुद्ध झाली म्हणायची ती एवढीच. ओझोन मात्र थेट नाकाखाली. आभाळात वीस-तीस किलोमीटरवर तो आपलं रक्षण करतो हे शाळेत घोकलेलं, पण श्वासातून गेला की श्वासनलिकेचा दाह करतो, दमेकऱ्यांना जास्तच.

कॅलिफोर्नियात अब्जात 50 भागांपेक्षा अधिक ओझोन सोडणारी हवाशुद्धी यंत्रं विकता येत नाहीत. आपल्या 2009 च्या मानकांत आठ तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढीच. पण ती बाहेरच्या हवेची. दिल्लीत ओझोन हा खरा उन्हाळी दुपारचा पाहुणा. मी त्याला हिवाळ्यात दोरी बांधून घरात आणला होता.

आणि किनू! आई उन्हात बसून दिवसाला चार-पाच किनू सोलायची. त्या सालीच्या तेलातल्या लिमोनीनशी ओझोनचा संयोग होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे वाचलं त्या रात्री मी उठून तिच्या गळ्यातलं यंत्र काढलं.

ती जागी झाली. “बिघडलं का?”

“हो,” मी म्हटलं. खरं सांगायला तोंड नव्हतं.

पुढच्या चार दिवसांत खोकला उतरला. त्याच आठवड्यात वारा सुटून धुरकंही हललं होतं, त्यामुळे सगळं खापर यंत्रावर फोडायला मी धजत नाही. पण मी तिला रात्रभर ते घालायला लावलं होतं, एवढं नक्की.

निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं. साताऱ्याला पोचून आठ दिवस झाले असतील, तिचा फोन आला. आवाजात उत्साह. यंत्र तिनं गुपचूप पिशवीत घालून नेलं होतं. एवढं महागाचं, टाकवेना.

“अगं, इथल्या मेकॅनिकनं बघितलं. काहीसुद्धा बिघडलेलं नाही म्हणाला. बघ, आत्ता गळ्यातच आहे.”

मग सगळं सांगावंच लागलं. किनूपासून. ती मध्ये काही बोलली नाही. पलीकडून दोरी डोक्यावरून काढताना बांगड्यांचा आवाज आला.

“म्हणजे झेरॉक्सचाच होता ना वास?” ती म्हणाली.