उलाळ

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं, की जू वर उचललं जातं. आजोबा त्याला ‘गाडी उलाळ झाली’ म्हणत. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना तोच शब्द उपयोगी पडतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा; कमी पडला, की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि पुढची गाडीही सोबत ओढतो.

मुलांना सायकली मागच्या बंपरला लावायच्या होत्या. रॅकसकट ८० किलो, आसाच्या ३ मीटर मागे. हिच आसाच्या ५ मीटर पुढे. म्हणजे हिचवरचे ४८ किलो गायब! आमच्या २५०० किलोंच्या ट्रेलरच्या हिचवर असतात २८०, उरले २३२. शिवाय तो बंपर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ नळी. सायकली पिकअपच्या हौद्यात चढल्या. जागेअभावी सौ.ची मोठी शेगडी मात्र घरीच राहिली.