पाच बोटांचा समुद्रप्रवास

बालमित्रांनो, नकाशांचं पुस्तक काढा आणि प्रशांत महासागराचं पान उघडा. आज आपल्याला लांबच्या सफरीला जायचंय. शिदोरी म्हणून सोबत फक्त एक शब्द घ्या : 'लिमा'.

सफर सुरू होते तैवान बेटावरून. चीनच्या किनाऱ्याजवळच्या या बेटावर आज बहुतेक लोक चिनी बोलतात. पण तिथल्या डोंगरांत आणि पूर्व किनाऱ्यावर बेटाचे मूळ रहिवासी राहतात. त्यांतल्या आमी लोकांच्या भाषेत पाच म्हणजे 'लिमा'.

आता दक्षिणेला फिलिपिन्समध्ये उतरा. तिथल्या टागालोग भाषेत पाचाला काय म्हणतात? लिमाच! आणखी खाली मलेशियात नि इंडोनेशियात जा, तिथेही लिमा. मग पूर्वेला हजारो किलोमीटर पाणी कापत सामोआ बेटं गाठा. तिथे पाच म्हणजे लिमा आणि हात म्हणजेसुद्धा लिमा! हाताला बोटं पाच, म्हणून हाताचा आणि पाचाचा शब्द एकच. आहे की नाही गंमत? न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत 'ल' नाही, म्हणून ते म्हणतात 'रिमा'. मोठमोठ्या दगडी पुतळ्यांचं ईस्टर बेट ठाऊक आहे ना? तिथेही रिमा.

आता उलट दिशेने निघा. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेशेजारच्या मादागास्करला या. इथली भाषा नक्की आफ्रिकेतली असणार, असं वाटतं ना? पण इथे पाच म्हणजे 'दिमी'. या भाषेची सगळ्यांत जवळची नातलग भाषा आफ्रिकेत नाही, ती आहे दूरच्या बोर्निओ बेटावर!

या सगळ्या एकाच आजीच्या नाती. अशा सुमारे १२०० भाषा आहेत. या कुटुंबाला ऑस्ट्रोनेशियन भाषाकुल म्हणतात.

नातं ओळखायचं कसं? नुसते शब्द सारखे दिसले म्हणून नव्हे हं. मलय भाषेत दोनला 'दुआ' म्हणतात. तुम्ही लगेच म्हणाल, "हा तर आपला संस्कृतातला द्वि!" थांबा. मलय भाषेत गुरु, राजा, भाषा असे संस्कृत शब्द गेले आहेत, हे खरं. पण दुआ त्यांतला नाही. जिथे संस्कृत कधी पोचलीच नाही, त्या न्यूझीलंडमध्ये तो 'रुआ' आहे आणि हवाईत 'लुआ'. खरं नातं शब्द बदलण्याच्या नियमातून कळतं. सामोआतल्या 'त'च्या जागी हवाईत 'क' येतो. सामोआत तीनला 'तोलु' म्हणतात, हवाईत 'कोलु'. सामोआत डोळा म्हणजे 'माता', हवाईत 'माका'. बदलसुद्धा कसा शिस्तीत झालाय बघा!

हे शब्द एवढ्या पाण्यातून गेले कसे? होडीतून. कोकणातल्या काही होड्यांच्या बाजूला तरंगतं लाकूड जोडलेलं असतं, त्याला उलांडी म्हणतात. तशाच उलांडीच्या होड्या आणि दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेली मोठी जहाजं या लोकांनी बनवली. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ते तैवानहून निघाले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआला पोचले. न्यूझीलंडला तर अवघ्या ७०० वर्षांपूर्वी. ना होकायंत्र, ना नकाशा! कोणता तारा कुठे उगवतो, लाट कोणत्या दिशेने येते, संध्याकाळी पक्षी कुणीकडे परततात, यावरून ते बेट शोधत. होडीत कोंबड्या, कुत्री आणि लावायला अळूचे कंद असत.

१७६९ साली कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर तुपाया नावाचा एक जाणकार खलाशी ताहितीहून चढला. जहाज न्यूझीलंडला लागलं. इंग्रजांना तिथल्या माओरींचं अक्षरही कळेना. तुपाया आपल्या ताहिती भाषेत बोलला आणि माओरींना ते समजलं! शेकडो वर्षं भेट नव्हती, मधे हजारो किलोमीटर समुद्र होता, तरी भाषेने ओळख ठेवली होती.

पण मुलांनो, जी भाषा महासागरात बुडाली नाही, ती शाळेत बुडायला आली. न्यूझीलंडमध्ये १८६७च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आली. पुढे वर्गात माओरी बोललं म्हणून मुलांना छड्या बसू लागल्या. ज्यांनी मार खाल्ला, ते मोठे झाले आणि आपल्या पोरांशी इंग्रजीच बोलू लागले. आपल्या लेकरांना तरी मार बसू नये, एवढाच त्यांचा हेतू! हवाईत १८९६च्या कायद्याने तेच केलं. नातवंडांना आजीचं बोलणं कळेनासं झालं. काही हजार वर्षं टिकलेली गोष्ट दोन-तीन पिढ्यांत संपत आली.

मग माओरी लोक जागे झाले. १९७२ साली आपली भाषा शाळेत शिकवा म्हणून त्यांनी तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला दिला. १९८२ साली त्यांनी एक साधी युक्ती काढली. भाषा कोणाकडे आहे? आजी-आजोबांकडे. ती पटकन कोण उचलतं? चिमुरडी पोरं. मग बसवा दोघांना एकत्र! अशा बालवाड्या निघाल्या. तिथे खेळ, गाणी, जेवण, रुसवेफुगवे, सगळं माओरीतच. त्यांचं नाव 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं. १९८७ साली माओरी तिथली अधिकृत भाषा झाली. हवाईच्या लोकांनी हे पाहिलं आणि १९८४ साली आपलीही घरटी बांधली.

धोका पुरता टळलेला नाही. या कुटुंबातल्या कित्येक भाषा आज मोजक्या म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी उरल्या आहेत. पण घरट्यातली ती पहिली पिलं आता मोठी झाली आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच्या मुलांशी माओरी बोलतात.

ती मुलं कशी मोजतात, ठाऊक आहे? काढा हात पुढे, उघडा एकेक बोट आणि म्हणा मोठ्याने :

ताही, रुआ, तोरु, फा, रिमा!