कमानिया गेटजवळच्या रामलीलेच्या रात्री

जबलपूर म्हटलं की तुम्हाला आधी भेडाघाटच आठवेल. धुआंधार बघाच. पण दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल, तर एक-दोन संध्याकाळी जुन्या शहरासाठी राखून ठेवा. रिक्षावाल्याला फक्त ‘कमानिया’ म्हणा, पत्ता सांगावा लागत नाही.

सराफ्याच्या गर्दीत उभी असलेली ही कमान 1939च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. सुभाषबाबू अध्यक्ष निवडून आले होते, पण तापाने फणफणलेले. त्या 52व्या अधिवेशनाच्या मिरवणुकीत 52 हत्ती होते आणि रथात अध्यक्षांच्या जागी त्यांचा फोटो! मुलांना हे कमानीखाली उभं करूनच सांगा.

परदेशात नाताळ आला की आईवडील मुलांना ‘नटक्रॅकर’ बॅले दाखवायला नेतात. 1892 साली सेंट पीटर्सबर्गला तो पहिल्यांदा झाला. गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी दरवर्षी गर्दी. आपल्याकडे हा मान रामलीलेचा. जुन्या जबलपुरातल्या गोविंदगंजची रामलीला तर 1865पासूनची, म्हणजे ‘नटक्रॅकर’पेक्षाही वयाने मोठी.

फरक एवढाच, की बॅले दोन तासांत आटोपतो आणि रामलीला अनेक रात्री चालते. लहान मुलांसाठी मला हेच बरं वाटतं. आज धनुष्यभंग, उद्या वनवास. मधल्या दिवसात पोरं प्रश्न विचारून आजीला हैराण करतात. चौपाया तुलसीदासांच्या अवधीत असतात. मराठी मुलांना शब्द कळत नाहीत, पण गोष्ट ठाऊक असल्यामुळे अडत नाही. शिवाय पारंपरिक रामलीलेत राम, लक्ष्मण आणि सीतासुद्धा कोवळी मुलगेच होतात. आपल्याच वयाच्या मुलाची आरती होताना बघून तुमचा दहा वर्षांचा चिरंजीव मोबाइल खाली ठेवतो की नाही, बघा.

आणि रामायणाचा खराखुरा बॅलेही आहे बरं! शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढलं. त्यांच्या ‘रामायण’मध्ये माणसंच कठपुतळ्यांसारखी नाचतात, मुखवटे, ताठ हात, झटक्यासरशी वळणारी मान. पुढे हे पथक ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेलं, म्हणजे मुंबईचं ते रामायण मध्य प्रदेशाचंच झालं. जायच्या आधी त्याची एखादी चित्रफीत मिळाली तर मुलांना जरूर दाखवा.

आता थोडं व्यवहाराचं. दसऱ्याच्या चल समारोहाला कमानियाजवळ पाय ठेवायला जागा नसते. कडेवरचं मूल असेल तर त्या रात्रीचा हट्ट सोडा, लीलेची साधी रात्र निवडा. जाताना एक सतरंजी आणि पाण्याची बाटली घ्या. आजी-आजोबा सोबत असतील तर थोडं लवकर निघून सुनरहाई आणि नुनहाईच्या बुंदेली घडणीच्या देवी बघून घ्या. अंगावरचे दागिने खरे सोन्याचांदीचे! आणि कमानियाजवळची खव्याची जिलबी? रंगाने काळपट, जवळजवळ गुलाबजामसारखी. मुलं आधी नाक मुरडतील. तुम्ही मात्र एक जास्तीची मागवून ठेवा.