मीटर नवं, आकडा कुणाचा?

मंडळी, आज राजकारण नाही. पाणीपुरवठ्याच्या लेखाचा दुसरा भाग रविवारी टाकतो. आज गाडीच्या मीटरबद्दल लिहायचंय. हा हौशी पोरांचा विषय आहे असं ज्यांना वाटतंय त्यांनीही जरा थांबा, विशेषतः घरात कुणी जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर.

विट्यातले माझे एक मित्र शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्याकडे फियाट पॅलिओ आहे, १.६ इंजिनची. २००१ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. एवढ्याशा गाडीला शंभर हॉर्सपॉवर म्हणजे त्या काळात चैनच. पेट्रोल पिते, पार्ट मिळवायला वणवण होते, तरी गुरुजी तिला सोडत नाहीत. बायको म्हणते, पगार गाडीच्या नावावर करा. असो.

तर गुरुजींनी मीटर बदलायला काढलं. डायल पिवळट झालेली, रात्री अर्धे बल्ब लागायचे नाहीत, काटे फिके पडलेले. शिवाय त्यांना दोन जादा मीटर हवे होते, एक ऑइल प्रेशरचं आणि एक पाण्याच्या तापमानाचं. मला आधी ती हौस वाटली, पण कारण ऐकलं तर पटण्यासारखं आहे. ऑइलचा लाल दिवा लागतो तो प्रेशर जवळपास संपल्यावर. तोवर इंजिनचं जे व्हायचं ते होऊन जातं. आणि तापमानाचा काटा? नव्वदच्या दशकानंतरच्या पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मधोमध रोखून धरलेला असतो. पाणी थोडंफार तापलं-निवलं तरी काटा हलत नाही, कारण काटा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतं. म्हणजे काटा सगळं ठीक आहे म्हणतोय यावर फार विसंबू नये. गुरुजींना खरं तापमान बघायचं होतं.

दोन शनिवार मी त्या वायरमनच्या दुकानात बसून होतो. (बातमीच्या कामातून पळून जायला याहून चांगली जागा नाही.) मिस्त्री पन्नाशीचा, बोलणं कमी. काटा उपटायच्या आधी त्यानं पेन्सिलनं खूण केली. म्हणाला, "साहेब, खूण न करता काटा काढला की मग साठ कुठं आन् ऐंशी कुठं, देवालाच माहीत." काटा काढायला पकड लावायची नाही, दोन चमचे दोन्ही बाजूंनी घालून सरळ वर उचलायचा, नाहीतर आतली बारीक दांडी वाकते. नवी डायल छापून आणलेली होती, ती बसवली. बल्बच्या जागी एलईडी घातले, पण बॅटरीच्या दिव्याचा बल्ब मात्र त्यानं जुनाच ठेवला. मी कारण विचारलं. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा थोडासा करंट त्या बल्बातूनच जातो. तिथं एलईडी लावला की दिवा झकास दिसतो आणि गाडी चार्जिंगच करत नाही. यूट्यूब बघून मीटर खोलणाऱ्या पोरांनो, हे वाक्य दोनदा वाचा.

ऑइलच्या मीटरसाठी पाइप केबिनपर्यंत आणायला तो तयार झाला नाही. पाइप फुटला तर गरम ऑइल थेट गुडघ्यावर. इंजिनवर सेन्सर बसवला, आत फक्त वायर आणली, तीही फ्यूजमधून. नंतर फोनवर जीपीएस लावून कराड रस्त्याला वेग ताडून पाहिला. कंपनीच्या स्पीडोमीटरला थोडा जास्त वेग दाखवायची मुभा असते, कमी दाखवायची नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या ३९व्या नियमाचं तत्त्वच ते आहे. म्हणून हौसेनं मोठे टायर घालणाऱ्यांनी हिशेब करावा. चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर काटा पूर्वी ऐंशीवर असताना जो वेग असायचा, त्याहून पाच टक्के जास्त वेगानं तुम्ही चाललेले असता. काट्याला हे कळत नाही, स्पीड कॅमेऱ्याला कळतं.

इथवर सगळं हौसेचं. आता मुद्द्यावर येतो.

काम निम्म्यावर आल्यावर मीटरच्या आतली पाटी खराब निघाली. मग कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं दुसरं मीटर आणलं. लावून चावी फिरवली तर आकडा आला भलत्याच गाडीचा. कुणाची गाडी, किती फिरलेली, काय माहीत. या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरच्या पाटीवरल्या एका छोट्या चिपमध्ये असतो, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. मीटर बदललं की आकडाही बदलतो. तो पुन्हा दुरुस्त करून घ्यावा लागतो. मिस्त्रीनं लॅपटॉप जोडला आणि मान वर न करता अगदी सहज विचारलं, "गुरुजी, किती ठेवू?"

त्याच्या आवाजात चोरी नव्हती, चहात साखर किती घालू असं विचारावं तसं त्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, जुन्या मीटरवर जेवढा होता तेवढाच, एकही कमी नको. मिस्त्री हसला. असं सांगणारं गिऱ्हाईक कमी येत असावं, हे त्या हसण्यावरून कळलं.

जुन्या पद्मिनीच्या काळात गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी केबल असायची, आकड्यांची चाकं असायची, आणि ती मागं फिरवायला मीटर खोलून हात काळे करावे लागायचे. अनेकदा आकडे वाकडे बसायचे, जाणत्याला लगेच कळायचं. आता मागं केलेला आकडा पडद्यावर अगदी सरळ दिसतो.

आपल्या खानापूर-आटपाडी भागाला याचं विशेष सोयरसुतक आहे. आपले गलाई बांधव देशभर. सणाला आणि जत्रेला गल्लीत गाड्या बघा, निम्म्या राज्यांच्या पासिंगच्या. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या एनओसी घेऊन स्वस्तात इकडं यायला लागल्या. त्यात वाईट काही नाही. पण इतक्या लांबून आलेल्या गाडीचा मागचा इतिहास सांगणारा इथं कुणी नसतो. मीटर म्हणेल ते खरं.

गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका पोरानं टुरिस्टसाठी सात सीटची गाडी घेतली. मीटरवर बासष्ट हजार. आईचे दागिने आणि पतसंस्थेचं कर्ज त्यात गेलं. चार महिन्यांत इंजिन उघडलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर टाकला तर तीन वर्षांपूर्वीच्याच नोंदीत एक लाख ऐंशी हजारांवर रनिंग. विकणाऱ्यानं हात वर केले: मी घेतली तेव्हा मीटर असंच होतं. आणि गंमत म्हणजे तो खरंही बोलत असेल! चार हातांतून आलेल्या गाडीत आकडा कुणी मागं केला हे कोण सिद्ध करणार? फसवणुकीचं कलम आहे, ग्राहक आयोग आहे, पण पुरावा कुठून आणणार? पोरगं आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. पण आरसी बुक काढून बघा. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे, किती माणसं बसणार ते आहे. किलोमीटर कुठंच नाही. म्हणून गुरुजी निवांत मीटर बदलू शकतात, आणि म्हणूनच दुसरा कुणी निवांत आकडा मागं करू शकतो. हौस आणि ठगी एकाच मोकळ्या दारातून आत येतात. दार बंद करून हौशी माणसाला मारू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. दारावर फक्त एक वही ठेवा.

आणि ही वही ठेवणं अवघड नाही. अमेरिकेत आकडा मागं करण्याविरुद्ध केंद्रीय कायदा १९७२ सालचा आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तेव्हा किलोमीटर (त्यांचे मैल) नोंदवले जातात आणि कुणीही नंबर टाकून ते फुकट बघू शकतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावाच लागतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या डीलरना नोंदणी सक्तीची करणारे नियम २०२३ च्या एप्रिलपासून आले, चांगलंच झालं. पण गाडी डीलरकडं येण्याआधीच आकडा फिरला असेल तर त्याचं काय?

पीयूसी सगळ्यांना काढावी लागते. तिथं नाहीतरी नंबरप्लेटचा फोटो काढतातच. दुसरा फोटो मीटरचा काढा आणि आकडा ‘वाहन’ पोर्टलवर चढवा. मीटर बदललं असेल तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख एवढं तिथंच लिहा. यासाठी नवं ऑफिस लागत नाही की नवा माणूस. गुरुजींनी स्वतःपुरतं ते केलंय. सर्व्हिस बुकात जुन्या मीटरचा फोटो चिकटवून खाली तारीख आणि सही.

तोवर गाडी घेताना एवढं बघा. चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिसची नोंद मागा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर उठून या. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वीस हजार फिरलेल्या पाच वर्षांच्या गाडीला सहा महिन्यांपूर्वीचे चारही टायर का, ते विचारा. आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा. इंजिन, ऑइल, बॅटरी आणि एअरबॅग असली तर तिचा, हे दिवे आधी लागले पाहिजेत. जो लागतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो किंवा वर काळी टेप असते, दोष झाकायला. एअरबॅगच्या दिव्याबाबत हे प्रकार मी स्वतः बघितलेत.

परिवहन आयुक्तांच्या नावे पीयूसीवर किलोमीटर नोंदवण्याबाबतचं निवेदन तयार आहे. सोमवारी सांगलीच्या आरटीओ कार्यालयात देणार. सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी सातपर्यंत कार्यालयात यावं. गाडीचे कागद आणायची गरज नाही.